धाब्यावरचं ऊन

१० मार्च २०२५, सोमवार

आज सोलर बसलं. गच्ची स्लॅबची असली तरी आमच्या एरंडोलकडे तिला धाबंच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. धाब्यावर सहा पॅनल, खाली जिन्यात इन्व्हर्टर. नोंद ठेवायची म्हणून आजपासून ही डायरी.

धुळ्याच्या एजन्सीचा किरण नावाचा इंजिनिअर आला होता. मुलगा हुशार आहे, पण पुस्तकातला. त्याने आणलेल्या नकाशात पॅनल दोन्ही कडांना आणि मधे धाबं रिकामं. मी त्याला माझा आलेख-कागदावरचा नकाशा दाखवला. कठड्याची सावली थंडीत कुठवर येते ते मी डिसेंबरातच खडूने आखून ठेवलं होतं. माझ्या मांडणीत सहाही पॅनलला दिवसभर ऊन, आणि धुवायला जाण्यापुरती एक बोळ. त्याने विचारलं, "भाऊ, धाब्याचा काही वापर असतो का तुमचा?" मी म्हणालो, "धाब्याचा काय वापर? ऊन पडतं, तेच वापरायचं." त्याने मुकाट्याने माझ्या नकाशाप्रमाणे बसवलं.

मी दहावीपुढे शिकलो नाही. जळालेल्या मोटारी उघडून रिवायंडिंग, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळणं, शिकलो, आणि आज तालुक्यातल्या विहिरींवरच्या निम्म्या मोटारी माझ्या हातून गेलेल्या आहेत. त्यामुळे मला कोणी विजेतलं शिकवू नये.

सोलर का, तेही लिहून ठेवतो. नोव्हेंबरात म्हसावदकडे मोटार पोचवायला गेलो, तर रेल्वे फाटकावर अडकलो. कोळशाची मालगाडी चालली होती, संपता संपेना. एका युनिटमागे साधारण पाऊण किलो कोळसा जळतो हे मी वाचलेलं होतं, पण तो डोळ्यांनी पाहणं वेगळं. कूलरच्या दिवसांत आमच्या घराचा आठवड्याला एक पोतं कोळसा होतो. फक्त तो आमच्या चुलीत जळत नाही, लांब कुठेतरी जळतो आणि त्याचा धूर दुसऱ्याच कोणाच्या छातीत जातो. घरी येऊन मी हे गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आठ घरं तयार झाली. ठरलं असं, की आधी रतिलालच्या, म्हणजे माझ्या घरी बसवायचं, आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) पाहायचं आणि मग सगळ्यांनी अर्ज करायचे. मी दिवसाला बारा युनिटांचा शब्द दिला आहे. तेवढी आली नाहीत तर 'घेऊ नका' असं मीच सांगणार, हेही बोलून बसलो आहे. आठही धाब्यांचे नकाशे मी काढून ठेवले आहेत.

११ मार्च, मंगळवार

बायको, प्रमिला, वर जाऊन धाबं पाहून आली. म्हणाली, "बिबड्या कोठे टाकू आते?"

ज्वारी भिजवून, आंबवून, दळून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर हाताने पातळ थापायचा. कडक उन्हात वाळली की झाली बिबडी. फाल्गुन-चैत्रात गल्लीतल्या साऱ्या बायका आपापला घाटा घेऊन आमच्याच धाब्यावर येतात, कारण आमचा जिना बाहेरून आहे. एरवी प्रमिलाचे गुडघे जिना चढू देत नाहीत. त्या पंधरा दिवसांत मात्र ती दहा वेळा वर-खाली करते. मला याचं कारण कळलेलं नाही. बहुधा कोरड्या हवेने आराम पडत असावा.

मी म्हणालो, "अंगणात टाका."

"आंगणमा शेरडं शेतस, रस्तानी धूळ शे. तठे कशा वाळतीन?"

"मग यंदा बाजारातून आणू. धुळ्याला पाकिटात मिळतात."

यावर ती उठून आत गेली. पटलं असावं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दुपारी लाईन गेली आणि आमचंही घर बंद पडलं. समोरचा झुलाल, पिठाच्या गिरणीवाला, रंगलेल्या तोंडाने ओट्यावर येऊन उभा राहिला.

"रतिलालभाऊ, सूर्य डोकावर शे अन् तुमना पंखा बंद? सूर्यानी बी बिल भरं नही का?"

मी त्याला समजावलं, की लाईन गेल्यावर आमची वीज तारेत शिरली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल, म्हणून यंत्र आपोआप बंद होतं. झुलाल म्हणाला, "म्हंजे वायरमन वाचना, तुम्ही घामात मरना." लोक हसले. अज्ञानावर चिडून उपयोग नसतो.

२२ मार्च, शनिवार

आठवडाभर रोज बाराच्या वर. आज तर तेरा. रोजचा आकडा मी ओट्याच्या भिंतीवर खडूने लिहितो, येणारा-जाणारा वाचतो. हिलालआबा (एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, शेजारचं घर) रोज चष्मा लावून पाहतात आणि आपल्या वहीत उतरवतात.

पॅनल बसले म्हणजे झालं असं नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. आधी उधळपट्टी थांबली पाहिजे. आमच्याकडे जुने पंखे गेले, कमी वीज खाणारे आले. टीव्हीचा लाल दिवासुद्धा रात्री जळत नाही. इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटार हे सगळं भर उन्हात चालवायचं, म्हणजे बाहेरची वीज लागत नाही. प्रमिलाला तसं बजावलं. ती म्हणाली, "दुपारले माले वेळ नही राहत."

दुपारी मी रिवायंडिंगच्या दुकानावर, डबा तिथेच. मुलगी मेघा सासरी धुळ्याला. एकटीला दुपारी कोणतं काम असतं, म्हणून विचारलं.

"शे काहीतरी."

२७ मार्च, गुरुवार

तीन दिवस आकडा सहा-सातवर आहे. आकाश निरभ्र, ऊन चाळीसच्या पुढे.

संध्याकाळी पॅनल धुतले. काचेवर काही ठिकाणी पांढुरका थर होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. वास किंचित आंबूस. पाखरांची घाण म्हणावी तर ती इतकी सारखी पसरत नाही. हायवेच्या धुळीत क्षार असणार. पॅनलच्या चौकटीला कपड्यांचे दोन चिमटेही अडकलेले होते. वारा फार सुटला आहे.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. काल शनिवारी दुकान बंद होतं, आज सणाची सुट्टी. दोन्ही दिवस मी घरी होतो आणि दोन्ही दिवस पूर्ण तेरा. मी काल जोड घट्ट केले होते, दोष तिथेच होता. सुटला प्रश्न.

२ एप्रिल, बुधवार

सुटला नाही. सोमवारी सात, मंगळवारी साडेसहा, आज सहा.

विचार करून कारण सापडल्यासारखं वाटतं. शनिवारी इथली वर्कशॉपं बंद असतात. वर्कशॉपं चालू असताना लाईनचा दाब खालीवर होतो आणि इन्व्हर्टर मधेच थांबतो. म्हणून कामाच्या दिवशी आकडा पडतो. दुसरं काही असूच शकत नाही.

किरणला फोन केला. त्याच्या मोबाईलवर आमचा आलेख दिसतो. तो म्हणाला, "रतिलालभाऊ, दाबाचा दोष नाही. अकरा ते तीन पॅनलवर सावली येतेय."

मी विचारलं, "कशाची सावली? इथे झाड नाही, टॉवर नाही, ढगाचा तुकडा नाही."

"ते मला इथून नाही सांगता येणार. दुपारी एकदा वर जाऊन बघता का?"

मी म्हणालो, "तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी विजेचं काम करतो." आणि फोन ठेवला.

आकडा खराब असला तरी भिंतीवर खराच लिहितो. झुलालने वाचला. "सूर्यले बी साप्ताहिक सुट्टी लागी गयी का, भाऊ? आमले शनिवारनी, त्याले बठ्ठा सात दिननी."

६ एप्रिल, रविवार

जेवताना बिबडी भाजून मिळाली. यंदाची फारच कुरकुरीत आहे. प्रमिला म्हणाली, एका दुपारात वाळतेय. पूर्वी दोन दिवस लागत. मी म्हणालो, "बघ, अंगणात टाक म्हणून मीच सांगितलं होतं." तेव्हा हिलालआबांची बायको, ताईअक्का, ताक मागायला आलेली होती. ती पदर तोंडात धरून खोकत सुटली. पाणी द्यावं लागलं. वयोमानाने ठसका लवकर लागतो.

अलीकडे मी घरात शिरलो की बायका बोलायच्या थांबतात. आकड्यामुळे मी चिंतेत आहे हे त्यांनाही जाणवत असावं.

९ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी हिलालआबा आले. ओट्यावर बसले आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिले.

"रतिलाल, राग येऊ देऊ नको. मी थांबतो. दोन घरं अजून थांबणार म्हणतात. तू खोटा आहेस असं नाही. पण यंत्र एवढ्या उन्हात निम्मं चालत असेल, तर पावसाळ्यात काय करील?"

मी म्हणालो, "बरोबर आहे, आबा. आखाजीला मी स्वतःच सगळ्यांना नको म्हणून सांगतो. शब्द तसाच दिला होता."

ते गेल्यावर प्रमिला दारातून म्हणाली, "खरंच नको म्हणशात?"

"आकडा नाही तर शब्द नाही."

"आनि मंग त्या आठही घरले कोळसानीच लाईट?"

"हो."

ताटात तिने भाकरी टाकली आणि भाजी वाढायचीच राहिली. मीही मागितली नाही. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की वीज मला कळते. आखाजीला आठ घरांसमोर सांगावं लागेल की कळत नाही.

रात्री निजताना ती उद्याविषयी म्हणाली, "सकाय दुपारले डबा नेऊ नका. घर या."

१० एप्रिल, गुरुवार

गेलो. बाहेरच्या जिन्याने वर.

सहाही पॅनलवर पांढरी धोतरं. माझ्या वडिलांची, मी जपून ठेवलेली. वरच्या कडेला चिमटे लावलेले आणि त्यांवर बिबड्या थापलेल्या, ओळीत. पॅनलची उंच बाजू आहे तिच्या सावलीत सात बायका वाकून बसलेल्या. कोणाच्या तरी सासूची नक्कल चालली होती आणि हसणं थेट जिन्यापर्यंत येत होतं. मी दिसल्यावर थांबलं.

ताईअक्का म्हणाली, "ये रतिलाल. तुना कारखाना देख. दोन पाळीमा चाली राह्यना."

प्रमिला उठून उभी राहिली. हात घाट्याने भरलेले. "देखा. यंत्रमा खोट नही. आखाजीले नको म्हनू नका."

मी म्हणालो, "हे सगळं काढा."

"काढतस," ताईअक्का म्हणाली. "पन एक सांग. आते तुना धाबा गया. आखाजीनंतर आमना जाई, मंग झुलालना. बठ्ठ्या बायका कोठे बसतीन, हायवेवर? ऊन काय तुनाच नावावर शे का?"

मी खाली आलो. न जेवता दुकानावर गेलो.

११ एप्रिल, शुक्रवार

वर कोणी आलं नाही. तेरा युनिटं.

पॅनल तपासले. एकालाही ओरखडा नाही. पंधरा दिवस सात बायका वावरल्या, एक वायरसुद्धा हललेली नाही. किरणच्या माणसांनी बसवताना दोन ठिकाणी चरे पाडले होते.

१२ एप्रिल, शनिवार

आज घरी. तेरा. माझा शब्द खरा ठरला, आखाजीला सांगता येईल. कशामुळे पडत होता ते सांगायचीही गरज नाही, भिंतीवरचा आकडा पुरेसा आहे.

प्रमिला दिवसभर खालीच. गुडघे दुखतात म्हणाली. तेल चोळून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली. बाहेरून ताईअक्काने हाक मारली तर इथूनच उत्तर दिलं, "आज नही वं अक्का." बाकी घर शांत. या घरात दुपारी इतकं शांत असतं हे मला माहीत नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

आठही नकाशे काढून पाहिले. प्रत्येक धाबं कडेपासून कडेपर्यंत भरलेलं. धुवायला बोळ आठही ठिकाणी सोडलेली आहे. बसायला एकाही ठिकाणी जागा नाही.

हिशेबात कुठे चूक आहे ते शोधत होतो. बेरीज बरोबर आहे. पण बिबड्या, कुरडया, मिरची, हळद हे सगळं गल्लीत उन्हावर वाळतं. त्याला वीज लागत नाही, म्हणून ते बिलात येत नाही. मी बिलावरून नकाशे काढले. बिबडी पाकिटातून आणली तर ती कारखान्यात गरम हवेवर वाळवलेली असते, आणि ती हवा कोळशावर तापते. म्हणजे माझ्या धाब्यावर वाचवलेला कोळसा मी दुसरीकडे जाळायला सांगत होतो. किती, ते काढता येईल. पण ते काढून प्रमिलाला दाखवावं असं वाटत नाही. ती कोळशाबद्दल भांडत नव्हती.

कशाबद्दल भांडत होती, ते विचारलं पाहिजे.

१४ एप्रिल, सोमवार

विचारलं. ती म्हणाली, "मेघा गयी ती दिनपासून दिनभर कोन बोलस मनासंगे? तुम्ही युनिट बोलतस."

किरणला फोन लावला. म्हणालो, "तुझा पहिला नकाशा अजून आहे का? दोन्ही कडांना पॅनल आणि मधे रिकामं, तो."

"आहे की, भाऊ. सावली सापडली का?"

"सापडली." कशाची ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मुलगा पुस्तकातला असला तरी समजूतदार आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

मांडणी बदलली. दोन पॅनल जिन्याच्या टोपीवर, म्हणजे जिन्यावरच्या छोट्या स्लॅबवर नेले, उरलेले चार दोन्ही कडांना. मधे धाबं मोकळं. टोपीवरच्या दोघांना सकाळचं ऊन उशिरा मिळतं, म्हणून आकडा अकरा. बारा नाही. भिंतीवर अकराच लिहिलं.

हंगाम जवळजवळ संपला, तरी राहिलेला घाटा घेऊन ताईअक्का आली. प्रमिला वर गेली ती चार वाजेपर्यंत उतरली नाही. वडिलांची धोतरं वापरू नका म्हणावं असं मनात होतं. म्हटलं नाही.

३० एप्रिल, बुधवार

आखाजी. मेघा कालच धुळ्याहून आली. बायकांचे झोके कडुनिंबाला, पुरुषांचे पत्ते त्याच्याच सावलीत. खान्देशात आजच्या दिवशी पत्त्यांना कोणी नावं ठेवत नाही. डाव रंगात असताना मी म्हणालो, सोलरचं बोलायचं आहे.

झुलाल पत्ते पिसत म्हणाला, "बोला. नको म्हना अन् मोकळे व्हा."

मी सांगितलं. आकडा पडला कारण पॅनलवर बिबड्या वाळत होत्या. यंत्रात दोष नव्हता. दोष माझ्या नकाशात होता, मी धाब्यावर बसायला जागाच ठेवली नाही. आता ठेवली आहे. बारा म्हणालो होतो, जागा सोडली तर अकरा येतील. माझा शब्द एका युनिटाने खोटा ठरला, तेव्हा ज्याला थांबायचं त्याने थांबावं.

पत्ते पिसायचे थांबले. मग झुलाल म्हणाला, "म्हंजे पंधरा दिन भिंतीवर तुम्ही बिबड्यास्ना आकडा लिखी राह्यनात?" आणि सगळी बैठक हसली. मेघा झोक्यावरून हसली. मी उठून गेलो नाही.

हिलालआबांनी पत्ते खाली ठेवले. "झुल्या, त्यातल्या निम्म्या तूच खाल्ल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रतिलाल, तेरा असताना मला भरवसा वाटत नव्हता. अकराचा वाटतो. माझं घर धर."

दुसरीही चार घरं धरली. झुलालने "देखू" म्हटलं. त्याचं 'देखू' म्हणजे बायकोला विचारून सांगतो, हे आता मला कळतं.

२ मे, शुक्रवार

हिलालआबांच्या धाब्यावर टेप आणि खडू घेऊन गेलो. आबा म्हणाले, "चल, माप." मी म्हणालो, "आधी अक्काला बोलवा."

"तिले काय समजस त्यामा?"

"तरी बोलवा."

ताईअक्का हात टेकत जिना चढून आली. मधोमध बसली, सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि माझ्या हातातला खडू घेऊन बसल्या बसल्या सरकत रेघ ओढत गेली. मी मनात जेवढी जागा धरली होती त्याच्या बरीच पुढे गेली. दोन पॅनल बसायचे होते तिथून ती सरळ निघून गेली.

मी म्हणालो, "अक्का, बिबड्यांना एवढी जागा लागत नाही."

"बिबड्यास्ले नही लागत," ती म्हणाली. "मनाजवळ कोनी उनं तं बसाले लागस." येणारीच्या बसण्याचं माप मी धरलंच नव्हतं.

टोपीवर एक पॅनल बसेल, दुसरा कमी करावा लागेल. आबांच्या घराचा आकडा त्याप्रमाणे उतरेल. नकाशात पॅनल आखले आणि मधल्या चौकोनात काय लिहायचं ते तिला विचारलं, कारण किरणला प्रत्येक जागेचं नाव लागतं.

"लिखू नको काही," ताईअक्का म्हणाली. "मोकळं राहू दे."

तो चौकोन कोरा ठेवून नकाशा धुळ्याला पाठवला.